पुरात मी कानिफला हाक मारली

सन दोन हजार पंचवीस, फाल्गुन महिना, शिवरात्र होऊन गेलेली, होळी यायची बाकी... म्हणजे ऐन ज्वारी काढायचे दिवस. आता तुम्हीच सांगा, ह्या दिवसांत शहाणा माणूस शिनेमा बघायला जातो का? सगळं रान माणसांनी भरलेलं, कुणाला कंबर सरळ करायला सवड नाही, आणि मी, रंभाजी, कर्जत तालुक्यातला टोपीवाला माणूस, कुठं बसलो होतो? नगरला, गार खोलीत, मऊ खुर्चीत! आणि समोर धरण फुटलेलं. आता मी घाबरलो असं समजू नका. मी घाबरलो नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावात आता वेगळंच सांगतात.

मी कमी बोलतो. शाळा चौथीपर्यंत, त्यातलीही निम्मी शेळ्यांमागं. जिथं चार शब्दांत भागतं तिथं पाचवा खर्च करू नये, हा माझा नियम. पण हे प्रकरण चार शब्दांत मावत नाही, त्याला मी काय करू?

झालं असं. आमच्या मालनबाईच्या डोळ्यांपुढं धूर धूर यायला लागला. भाकरी तव्यावर टाकायची ती तव्याच्या शेजारी. सून पंकजा म्हणाली, "मामा, आत्याबाईंचे डोळे नगरला दाखवून आणू." बरं म्हणालो. एसटीनं गेलो. गाडीवर पाटी अहिल्यानगरची, कंडक्टर ओरडतोय नगर नगर, आणि पोचलो मात्र तिघंही एकाच गावात. दवाखान्यात एका पोरीनं मालनबाईच्या डोळ्यांत थेंब घातले, वर काळा चष्मा चढवला, आणि म्हणाली, आता दिवसभर अंधुक दिसेल, भ्यायचं कारण नाही, मोठे डॉक्टर दुपारनंतर येतील, तेव्हा या. म्हणजे आहे ते दिसणंही घालवलं आणि वर सांगितलं, या परत!

मधला वेळ काढायचा कुठं? मी म्हणालो, झाडाखाली बसू. तर पंकजा म्हणाली, "झाडाखाली कशाला मामा? पलीकडं थिएटर हाय. आत एशी हाय. आत्याबाईंच्या डोळ्यांना अंधारच बरा." आता जिला दिसत नाही तिला शिनेमाला न्यायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? पण ती बारावी, मी चौथी. गेलो.

आत गेल्यावर मी पहिल्यांदा काय बघितलं? दार. बाहेर जायचं दार कुठं आहे ते. घाबरून नव्हे, नव्या गोठ्यात नेलं तर बैलसुद्धा आधी दार बघून ठेवतो. मग ती खुर्ची. बसलं की मागं जाते! मी पुढं ओढून बसलो, ती परत मागं. शेवटी मी नुसता काठावर टेकलो, काठी गुडघ्यांत धरली, आणि म्हणालो, करा सुरू.

दिवे गेले आणि पाणी सुरू झालं.

काय ते पाणी! अहो, आम्ही कर्जतकडची माणसं. आमच्या ओढ्यात पोरं क्रिकेट खेळतात. आमच्याकडं पाणी रस्त्यानं येतं, टँकरमधून, हॉर्न वाजवत. आणि इथं पडदा फाटंल असं वाटावं इतकं. डोंगरातलं गाव, वर धरण, धरणाला चीर पडलेली. एक शिकलेला पोरगा दारोदार सांगत फिरतोय की धरण फुटणार, आणि कुणी ऐकत नाही. आता बाहेर भिंतीवर फुटक्या धरणाचं हे एवढं चित्र लावलंय, तिकीट फाडणाऱ्याला माहीत, मक्याच्या लाह्या विकणाऱ्याला माहीत, फक्त त्या गावाला माहीत नाही! मग फुटलंच. डोंगराएवढी लाट आली, घरं काड्यापेटीसारखी चालली... आणि माझ्या मागच्या ओळीत कुणीतरी, आमच्याच भागातला असणार, मोठा उसासा टाकून म्हणाला, "एवढं कालव्याचं आवर्तन आमच्या चारीला सोडलं असतं तर लिंबं जगली असती." तुम्हाला सांगतो, गाव वाहून चाललंय आणि निम्मं थिएटर मनातल्या मनात बघतंय, एवढ्यात रान किती भिजलं असतं. मीही बघत होतो. खोटं कशाला बोलू?

बरं, शेजारी मालनबाई. अंधारात काळा चष्मा, डोळ्यांत थेंब. तिला दिसायचं काय? धुकं. पण कान शाबूत आणि तोंडही शाबूत.

"अहो, काय पडलं?"

"पूल."

"कोण हुतं का त्याच्यावर?"

"बस होती."

"आन् बसमधी?"

आता काय सांगायचं? रिकामी होती म्हणावं तर आतली माणसं ओरडतायत, ते तिला ऐकू येतंय. माणसं म्हणावं तर ती विचारणार, लेकरं होती का. म्हणजे मला नुसतं बघून सुटका नाही. एकदा डोळ्यांनी बघायचं, परत तोंडानं सांगायचं, दोन-दोनदा बुडायचं! जो माणूस जन्मभर कमी बोलला त्याच्या वाट्याला ही रोजंदारी. डावीकडची बाई शूऽ शूऽ करतेय, उजवीकडून मालनबाई कोपरानं ढोसतेय, आणि मधे मी, काठी धरून.

मग ती चप्पल आली. पाणी जरा निवांत होतं, बारीक आवाजात रडकं काहीतरी वाजायला लागतं, आणि लांबून, तरंगत तरंगत, एक चप्पल येते. एकच. म्हणजे आपण काय समजायचं? माणूस गेला. तोंड दाखवायचं नाही, रडणं दाखवायचं नाही, चप्पल दाखवायची आणि तीही एक. सगळं थिएटर हुंदके देतंय. आमची पंकजा नाक ओढतेय. मालनबाई म्हणाली, "आता काय झालं? का रडत्यात समदी?"

"चप्पल आली."

"मग?"

"एकच आली."

ती मग म्हणाली, "यील की दुसरी मागनं."

अशा बाईबरोबर शिनेमा बघायचा! मी घाबरलो नव्हतो. पण माझ्या स्वतःच्या चपला मी पायानं चाचपून जवळ ओढल्या, एवढं मात्र केलं. दोन्ही होत्या.

आणि मग तो म्हातारा आला. त्या म्हाताऱ्यानं माझं वाटोळं केलं. माझ्याच वयाचा, डोक्यावरची टोपी वाहून गेलेली, विजेच्या खांबाला मिठी मारलेली, पाणी छातीपर्यंत. पलीकडं एका घराच्या पत्र्यावर त्याचा शेजारी. तोही म्हातारा. मधे नुसतं पाणी, दोर नाही, होडी नाही. अशा वेळी माणूस काय ओरडेल? वाचवा म्हणेल. देवाचं नाव घेईल. हा काय ओरडला? हिंदीत ओरडला, पण मला लख्ख समजलं. "तुझं माझ्याकडं काही राहिलंय का?" आणि तो पत्र्यावरचा, रडत रडत, "नाही रे बाबा, काही नाही राहिलं." ते ऐकल्यावर त्या म्हाताऱ्याचं तोंड कसं झालं सांगू? पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखं. आणि त्यानं हात सोडले.

सोडले! खांब जागचा हलला नव्हता. पाणी छातीच्या वर चढलं नव्हतं. आणि लगेच मागून हेलिकॉप्टर आलं! थोडं धरून बसला असता तर...

तेवढ्यात त्या सगळ्या शांत अंधारात कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "कानिऽऽफ!"

मी मागं वळून बघितलं, कोण ओरडलं. तर सगळे माझ्याकडं बघत होते.

आता पुढचं ऐका. डॉक्टरला डोळे दाखवले, डोळ्यांत काळजीचं काही निघालं नाही, थेंब लिहून दिले, आम्ही परतीच्या गाडीत बसलो. गाडी चालू झाली आणि मालनबाई चालू झाली. गाडीत सगळी ओळखीची माणसं, बाजार करून निघालेली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पंकजाला सांगते, की बघ बाई, पुरात वाहून चालले होते तुझे सासरे, आणि हाक कुणाला मारली? बांधापलीकडच्या कानिफ भावजींना. जन्म गेला ह्यांच्या घरी पाणी भरण्यात, पण पाण्यात पडल्यावर आठवला कोण? मी म्हणालो, "तू शेजारी बसली होतीस. शेजारी बसलेल्या माणसाला हाक कशाला मारायची?" आता उत्तर बरोबर होतं की नाही? बरोबर होतं. पण उत्तर बरोबर आहे म्हणून बायको गप्प बसते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मिरजगाव येईपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली. बाहेरचं दिसत तर काही नव्हतं तिला.

खरं कारण मला माहीत होतं. सावड.

सावड म्हणजे काय ते आता सांगावं लागतं, हीच मोठी आपत्ती. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या रानात. मजुरी नाही, उपकार नाही, दिवसाला दिवस. आणि ज्वारीचा दिवस ज्वारीतच फेडायचा, कांद्याचा कांद्यात. पैसे पुढं केले तर समोरचा वीत वीत जीभ काढून शिव्या देईल, आणि त्याचं बरोबर आहे. तर माझ्या डोक्यावर कानिफचा ज्वारीचा एक दिवस होता. आमची रानं लागून, मधे एक बांध. ज्या साली मालनबाई विहिरीच्या पायरीवरून पडली आणि हात मोडून बसली, त्या साली हा न बोलवता आला, माझ्या शेजारची पात, म्हणजे ज्वारीच्या ताटांची ओळ, धरली, आणि दिवस मावळेपर्यंत ज्वारी उपटली. ठीक. दुसऱ्या साली मी कंबर बांधून त्याच्या रानात गेलो तर ज्वारीच नाही! सगळ्या रानात लिंबाची रोपं. "औंदा बाग धरली," म्हणाला. मग माझा दिवस? तर म्हणे, "ऱ्हाऊ दे की."

ऱ्हाऊ दे! खुरपं राहू द्यावं, पोतं राहू द्यावं. दिवस कसा राहू द्यायचा? तेव्हापासून मी आपला वर्षातून पाच-सात वेळा त्याच्याकडं जातो आणि आठवण करून देतो, कानिफ, एक दिवस आहे हं. तो म्हणतो, च्या घे. मी चहा घेतो आणि येतो. असं चाललं होतं आणि चाललं असतं. पण तोपर्यंत मी पूर बघितला नव्हता ना!

आता डोक्यात एकच. मी खांबाला धरलेला, पाणी छातीला, पत्र्यावर कानिफ. मी विचारतोय, कानिफ, तुझं माझ्याकडं काही राहिलंय का? आणि कानिफ काय म्हणेल? तुम्ही त्याला ओळखत नाही. त्याला खोटं बोलायची सवय नाही. तो पत्र्यावर ऐसपैस मांडी घालणार, बिडी काढणार, आणि साऱ्या पुराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणणार, "ऱ्हायलाय की! ज्वारीचा एक दिवस ऱ्हायलाय!" मग मी काय करायचं? धरवत नाही आणि सोडता येत नाही. सगळे बुडून मोकळे झाले, मी एकटाच लटकलेला. हा काय मरायचा प्रकार आहे?

मी घाबरलो नव्हतो. फक्त खाट हलवली. का, तर वर बघितलं तेव्हा ध्यानात आलं की वर स्लॅब, स्लॅबवर पोरानं बसवलेली काळी टाकी, आणि तिच्या बरोबर खाली माझी खाट. आमच्या गावात माणसाला बुडवण्याइतकं पाणी एकाच ठिकाणी आहे आणि ते माझ्या छातीवर! खाट ओढून दाराशी घेतली. मालनबाईनं विचारलं, का? म्हणालो, उकडतंय. म्हणाली, पंख्याखालून उठून दाराशी गेलात, उकडतंय म्हणून? टँकर आला की मी रस्ता सोडून बांधावर चढायला लागलो. पंकजा समजूत घालायला आली, मामा, आपल्याकडं कुठलं धरण, आपल्याकडं नाही काही फुटायचं. म्हणजे बघा, तिथला शिकलेला म्हणत होता फुटणार, ही शिकलेली म्हणते फुटणार नाही. शिकलेल्यांचं ऐकायचं तरी कुठलं? मग तिनं दुसरा उपाय काढला. एवढं जिवाला लागलंय तर कानिफ मामांना मोबाईलवरून मजुरी धाडून देऊ, एक बटण दाबलं की फिटलं. मी तिच्याकडं नुसतं बघितलं. ती भाकरी करायला गेली.

शेवटी मी गेलो कानिफकडं. तो लिंबाखाली बसून लिंबं निवडत होता. माणूस उंच, हाडापेराचा, आणि पाय असे की नांगर सोडला तरी पावलांनीच जमिनीत तास पडावेत. आम्ही दोघं कर्जतच्या बाजारात एकाच माणसाकडून टायरच्या चपला घेतो, तर तो मला म्हणतो, बाबा, तुमच्या दोन जोडांचं टायर ह्यांच्या एका जोडाला जातं. तर ते असो. मी सगळं सांगितलं. धरण, पूल, खांब, पत्रा, काय विचारलं, काय उत्तर आलं, हात कसे सोडले. आपण ओरडलो ते तेवढं सांगितलं नाही. कानिफनं सगळं ऐकून घेतलं, एक सडकं लिंबू बाजूला फेकलं, आणि विचारलं, "खांब पक्का हुता?"

"पक्का होता."

"मग सोडला कशापायी येड्यानं?"

"सगळं फिटलं होतं त्याचं."

"बग," कानिफ म्हणाला. "तरी मी म्हणतो, फिटवायचंच कशाला? काही ऱ्हायलं असतं तर धरून बसला असता, हेलिकाप्टर येस्तवर."

हे बरोबर होतं. म्हणून मी रागावलो. म्हणालो, मला लिंबं तोडायला दे, दिवस फिटू दे. तर म्हणाला, लिंबं तोडायला लिंबाची सावड लागते, ती तुझ्यावर नाही. म्हणालो, तुझ्या म्हशी धुतो. म्हणाला, म्हशीनं तुझं काय केलंय? आणि वर, "झुंबरे, रंभाजीला च्या टाक." मी चहा न घेता उठलो. जन्मात पहिल्यांदा.

फाटकापाशी त्याची बायको झुंबरबाई आडवी आली, हातात कप तसाच. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "भावजी, तुमी लिंबाच्या मागं कदी गेलाच न्हाई का?"

लिंबाच्या मागं काय आहे? तर म्हणाली, ज्वारी आहे. लिंबं वाढल्यापासून, म्हशीला कडबा लागतो म्हणून, तो दरसाल तेवढा एक तुकडा पेरतो, लिंबाच्या आड, माझ्या बांधावरून दिसणार नाही असा. आणि पिकली की मला कळायच्या आत एकटा उपटून, पेंढ्या बांधून, गंज रचून मोकळा होतो. तिला ताकीद दिलेली, रंभाजीला बोलायचं नाही. ह्या साली त्याची कंबर धरली म्हणून ज्वारी अजून उभी.

मी म्हणालो, "लपवायचं कारण काय पण?"

ती म्हणाली, "ते म्हणत्यात, फिटली की रंभाजी यायचा बंद व्हईल. बिगरकामाचा कुणाच्या उंबऱ्याला जायचा न्हाई, तसा सोबावच न्हाई त्येचा."

तुम्हाला सांगतो, घरी येईपर्यंत मी आठवत होतो की मी बिगरकामाचा कुणाकडं गेलोय. लग्नाला गेलोय, मातीला गेलोय, ग्रामपंचायतीत गेलोय. नुसता, च्या प्यायला, असा... नाही सापडलं. राग आला. कुणाचा आला ते कळेना, पण आला. आणि बरं का, ह्या रागाच्या नादात मी त्या टाकीखालून तीनदा गेलो आणि वर बघायचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली आणि दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. काळं, खाली आलेलं, कडेला पिवळं. अवकाळी. पंकजाचा मोबाईल टुणटुण करायला लागला की गारांचा पाऊस येणार. बघा, हे खरं धरण. ह्याला चीर पडलेली दिसत नाही आणि कुठला शिकलेला दारोदार फिरत नाही. माझी ज्वारी निघालेली, गंज झाकलेली, मला घोर नव्हता. पण उभी ज्वारी भिजली की दाणा काळा पडतो, कडबा कुजतो, मग म्हशीनं काय खायचं? लिंबं? मी टोपी घट्ट केली आणि निघालो. मालनबाई म्हणाली, "कुठं?" मी म्हणालो, "कानिफकडं." ती म्हणाली, "व्हय, पाणी आलं की तेच आठवायचे." मी थांबलो नाही.

लिंबाच्या मागं गेलो. ज्वारी होती. चांगली होती, छातीएवढी, कणीस भरलेलं. आणि कानिफ एकटाच, एक हात कमरेवर, एका हातानं उपटतोय. एका हातानं ज्वारी निघते का? ज्वारीचं ताट निघतं आणि कमरेतून माणूसही निघतो. बांधावर त्याच्या चपला होत्या, त्यांच्याशेजारी मी माझ्या काढल्या आणि त्याच्या बाजूची पात धरली.

त्यानं बघितलं. "तुला कुणी बोलवलं?"

"ढगानं."

 मूठ धरायची, वाकायचं, झटका द्यायचा, माती झाडायची, आडवी टाकायची. मूठ, झटका, माती. वारं सुटलं. लिंबं टपटप गळायला लागली, त्यानं तिकडं बघितलं नाही. झुंबरबाई मागून पेंढ्या बांधत आली, ताडपत्री आणली, दगड आणले. मी म्हातारा, तो माझ्याहून म्हातारा, दोघांचे गुडघे कटाकटा वाजतायत, वर ढग वाजतायत, कुणाचं काय वाजतंय कळेना. मी मधे विचारलं, कंबर कशी आहे? तो म्हणाला, तुझ्या शिनेमातल्या खांबावाणी. मी म्हणालो, मग पक्की आहे. तो हसला, आणि हसताना कंबरेत कळ आली, आणि शिवी मला दिली.

पेंढ्यांवर ताडपत्री ओढेपर्यंत थेंब आले. हे एवढाले. एकच पात राहिली होती, कडेची. मी तिकडं वळलो तर कानिफनं हाक मारली. मागं बघितलं. तो ताडपत्रीच्या कडेला उभा, कंबर धरून, टोपीवरून पाणी गळतंय.

"रंभाजी," म्हणाला, "ती पात ऱ्हाऊ दे. येवढी भिजली तर भिजली."

आता मी काय खुळा आहे? मला समजलं नाही का? एक पात राहिली की दिवस पुरा होत नाही. दिवस पुरा झाला नाही की सावड फिटत नाही. फिटली नाही की पुढच्या साली रंभाजी येतो, कानिफ, राहिलाय हं, म्हणतो आणि चहा पितो. सगळं समजलं. पण उभ्या पिकाकडं पाठ करून निघायचं, हे माझ्या हाताला जमणार कसं? हात काय चौथीपर्यंत शिकलेले नाहीत, ते आधीपासूनचे आहेत. मी वाकलो. मूठ, झटका, माती. पाऊस पाठीवर, गारा कानावर. शेवटचं ताट उपटलं, हातात धरून उभा राहिलो, आणि मधे नुसतं पाणी, तिकडं तो, इकडं मी. आणि माझ्या तोंडातून गेलं. जायचं नव्हतं, गेलं.

"कानिफ, काही राहिलंय का?"

त्यानं त्या उजाड तुकड्याकडं बघितलं, ताडपत्रीकडं बघितलं. म्हटलं ना, त्याला खोटं बोलायची सवय नाही.

"न्हाई," म्हणाला. "काही न्हाई ऱ्हायलं."

आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, तेव्हा मी घाबरलो.

ताट पेंढीत खोचलं. झुंबरबाई ओरडत होती, भावजी, घरात चला, च्या टाकते, पण मी म्हणालो, आता नको. बांधावर गेलो, चपला घातल्या आणि चालायला लागलो. एक पाय घट्ट बसला होता. दुसरा चपलेत इकडून तिकडं जात होता, पाऊल उचललं की फटाक, टेकलं की फटाक. घर येईपर्यंत मी खाली बघितलं नाही. चुकून झालं. विजा चमकत होत्या, बांध दिवसासारखा दिसत होता, पण चुकून झालं.

दारात मालनबाई उभी होती, चष्मा काढलेला, थेंबांनी आता तिला चांगलं दिसतंय. तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पायांकडं. एक माझी आणि एक ही एवढी नांगरासारखी. 

"यील की दुसरी मागनं," म्हणाली.

मी टोपी पिळली. सावड फिटली.